वणव्याचा धूर आणि खनिज धूळ : वातावरणातील रासायनिक आंतरक्रिया

प्रस्तावना :

वातावरणातील धूलिकणांना निसर्गनिर्मित आणि धुराला बहुतांशी मानवनिर्मित मानून दोहोंचा स्वतंत्र अभ्यास करण्याची पद्धत रूढ आहे. हे वर्गीकरण अध्यापनास सोयीचे असले तरी एकदा हवेत मिसळल्यावर हे दोन घटक परस्परांचे स्वरूप बदलतात. प्रस्तुत लेखात आफ्रिकेतील साहेल पट्ट्याच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

साहेलमधील परिस्थिती :

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या काळात साहेल व त्याच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशात मोठ्या प्रमाणावर आगी लागतात. यांपैकी बहुतेक आगी शेती व चराईसाठी माणसेच लावतात. याच काळात हरमॅटन हे ईशान्येकडील वारे सहारातील धूळ वाहून आणतात. उत्तर चाडमधील बोडेले हे प्राचीन सरोवराचे कोरडे तळ या धुळीचा एक प्रमुख स्रोत आहे. जानेवारी-फेब्रुवारी २००६ मध्ये नायजरची राजधानी नियामे येथून संशोधन विमानाद्वारे निरीक्षणे करण्यात आली. त्यांत जमिनीलगत धुळीचा थर आणि त्यावर धुराचा थर आढळला. मात्र वरच्या थरातही धूळ मिसळलेली होती. रासायनिक आंतरक्रियेसाठी असा प्रत्यक्ष संपर्क ही पहिली अट होय.

रासायनिक आंतरक्रिया :

धुरात काजळी व सेंद्रिय कण यांबरोबरच कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, अमोनिया आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे असतात. सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रिक आम्ल तयार होते. धूळ नसल्यास हे आम्ल अमोनियाशी संयोग पावून अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण बनवू शकते. धुळीत कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असल्यास आम्ल त्याच्याशी अभिक्रिया करते. त्यातून कॅल्शियम नायट्रेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. परिणामी नायट्रेट सूक्ष्म कणांऐवजी मोठ्या कणांवर जाते. मोठे कण लवकर खाली बसत असल्यामुळे नायट्रोजनचा प्रवास व तो जमिनीवर पडण्याचे ठिकाणही बदलते.

ही अभिक्रिया सर्वत्र सारख्या प्रमाणात घडत नाही. बोडेलेतील धूळ प्रामुख्याने डायाटम या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय अवशेषांची असते, तर कॅल्साइटयुक्त धूळ आम्लाचे उदासीनीकरण अधिक करते. म्हणून 'धूळ' हा एकच पदार्थ मानणे चुकीचे ठरते.

परिणाम :

१) कॅल्साइटचा कण पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतो. याउलट कॅल्शियम नायट्रेट अत्यंत आर्द्रताशोषी असल्याने कमी आर्द्रतेतही कणावर द्रवरूप आवरण तयार होते. असा कण मेघबिंदूचे केंद्रक सहज बनू शकतो.

२) धुळीतील बहुतेक लोह अविद्राव्य असते. आम्ले व धुरातील ऑक्झॅलिक आम्लासारखी संयुगे त्याचा काही भाग विद्राव्य करतात. हे लोह समुद्रात पोहोचल्यास वनस्पतिप्लवकांना उपलब्ध होते. धुरातील कणांतही लोह असते. २०१९-२० मधील ऑस्ट्रेलियातील वणव्यांनंतर दक्षिण महासागरात वनस्पतिप्लवकांची मोठी वाढ नोंदली गेली.

३) काजळी दृश्य प्रकाशाच्या सर्व तरंगलांबी शोषते, तर धुळीतील हेमेटाइट मुख्यत्वे निळा प्रकाश शोषतो. त्यामुळे मिश्र थराची उष्णता शोषण्याची क्षमता केवळ एका घटकावरून ठरविता येत नाही.

भारतीय संदर्भ :

गंगेच्या मैदानी प्रदेशातही अशी परिस्थिती उद्भवते. एप्रिल-मेमध्ये पंजाब-हरियाणात गव्हाचे काड जाळले जाते आणि त्याच सुमारास थरच्या वाळवंटाकडून धूळ येते. या धुळीत कॅल्साइट असल्याने वरील अभिक्रियांस येथे वाव आहे.

निष्कर्ष :

हवेतील कणांचे केवळ वस्तुमान मोजल्यास धूळ किती व धूर किती हे कळत नाही; त्यांच्या संयोगातून काय निर्माण झाले हे तर मुळीच कळत नाही. अशा मोजणीवर आधारलेले धोरण धुळीला 'नैसर्गिक' म्हणून वगळते, तेव्हा त्या धुळीवर बसलेले मानवनिर्मित नायट्रेटही नजरेआड होते. म्हणून कणांच्या वस्तुमानाबरोबर त्यांची रासायनिक घटना तपासणे आवश्यक आहे. या कामी रसायनशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र व कृषिविज्ञान या विभागांनी एकत्रितपणे अभ्यास करणे उपयुक्त ठरेल.