पुढचा जॅक मुका का झाला?

पार्ट्स स्वतः निवडले, व्हिडिओ बघत बघत पीसी स्वतः जोडला आणि पहिल्याच झटक्यात स्क्रीनवर चित्र आलं. ग्रुपवर फोटो गेले, 'पार्टी कधी?' असे मेसेज आले. मग रात्री रूममधले सगळे झोपल्यावर तुम्ही कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये हेडफोन घातला. आणि आवाज शून्य! त्यात उद्या ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर टेन्शन दुप्पट.

घरी जोडलेल्या पीसीला एकच एक कस्टमर केअर नसतं. मदरबोर्डची वॉरंटी वेगळी, कॅबिनेटची वेगळी आणि दोघांना जोडणाऱ्या वायरचं काय झालं ते बघायचं तुम्ही. नीट न बघता एखाद्या दुकानात गेलात, तर 'ऑडिओ गेलाय, बोर्ड बदलावा लागेल' हे वाक्यही ऐकायला मिळू शकतं. एका मुक्या जॅकपायी काही हजारांचा बोर्ड! म्हणून दुकान गाठायच्या आधी अर्धा तास स्वतः द्या. यासाठी इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, फक्त तपासायचा क्रम चुकवायचा नाही.

आधी वाट समजून घ्या

पुढचा जॅक स्वतः आवाज तयार करत नाही. आवाज तयार होतो मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपमध्ये. बऱ्याच बोर्डांवर ही चिप रिअलटेकची असते. तिथून आवाजाला दोन वाटा फुटतात. एक वाट थेट मागच्या रंगीत जॅकपर्यंत जाते. दुसरी बोर्डच्या खालच्या कडेजवळ असलेल्या नऊ पिनांच्या हेडरपर्यंत जाते आणि तिथून कॅबिनेटची वायर तो आवाज पुढे आणते. म्हणजे पुढचा जॅक हे फक्त लांबवलेलं टोक आहे.

एवढं कळलं की 'जॅक का चालत नाही?' हा प्रश्न बदलतो. खरा प्रश्न असा की, या वाटेवर आवाज नेमका कुठे अडतोय? कोडिंग करणाऱ्यांना इथे बायनरी सर्च आठवेल. मधोमध तपासायचं, अर्धी वाट बाद करायची आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर, केबल आणि सेटिंग एकदम बदललंत तर जॅक चालू होईलही, पण कशामुळे ते कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

स्क्रू ड्रायव्हर न उचलता

पहिली तपासणी हेडफोनची. तोच हेडफोन फोनला, टीव्हीला किंवा मित्राच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथेही गप्प असेल तर पीसी निर्दोष.

मग हेडफोनचा प्लग नीट बघा. त्यावर काळ्या रेघा दोन आहेत की तीन? दोन रेघांचा प्लग फक्त ऐकण्यापुरता असतो. तीन रेघांच्या प्लगमध्ये माइकही असतो आणि असे प्लग फोनसाठी येतात. पीसीच्या कॅबिनेटवर बहुतेक वेळा हेडफोन आणि माइकचे जॅक वेगवेगळे असतात. त्यामुळे फोनचा हेडसेट तिथे लावला तर आवाज आला तरी माइक चालत नाही. यासाठी इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचा स्प्लिटर मिळतो. फक्त तो एका हेडसेटचा आवाज आणि माइक वेगळे करणारा हवा. दोन जणांना एकत्र गाणी ऐकवणारा स्प्लिटर दिसतो तसाच, पण इथे उपयोगाचा नाही.

दुसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची. हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावा. आवाज आला तर चिप जिवंत आहे, बोर्ड गेलेला नाही. मग दोष पुढच्या जॅकच्या सेटिंगमध्ये तरी आहे, नाहीतर हेडरपासून पुढच्या वाटेत. मागेही आवाज नसेल तर पुढच्या जॅकवर खापर फोडू नका. तेव्हा विंडोजमधलं सेटिंग, ड्रायव्हर आणि बायोस बघायचं. ही तपासणी एका मिनिटाची आणि फुकट आहे, म्हणून ती आधी.

तिसरी तपासणी आउटपुटची. मॉनिटर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडला असेल तर विंडोज कधी कधी आवाज मॉनिटरकडे पाठवत बसतं. त्या मॉनिटरला स्पीकर नसले तरीही! टास्कबारच्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा आणि आउटपुटमध्ये रिअलटेक किंवा हेडफोन निवडा.

पीसीला जॅक दिसतोय का?

हेडफोन घातला हे पीसीला कळतं कसं? जॅकच्या आत एक छोटा स्विच असतो. प्लग आत गेला की तो स्विच हलतो. प्रत्येक जॅकच्या वाटेवर वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो आणि त्यावरून चिपला समजतं की हेडफोनचा जॅक भरला की माइकचा. हा निरोप पोचला नाही तर वायर शाबूत असूनही चिप पुढच्या जॅककडे आवाज पाठवत नाही.

म्हणून गाणं चालू ठेवून आउटपुट डिव्हाइसपुढची व्हॉल्यूमची पट्टी बघा. हेडफोन घातल्यावर यादीत काहीच बदललं नाही, कुठली सूचनाही आली नाही, तर घोळ निरोपाचा. पट्टी नाचतेय, डिव्हाइस बरोबर निवडलंय आणि तरी कानात काही नाही, तर घोळ वायरीचा किंवा जॅकचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

निरोपाचा घोळ असेल तर आधी मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर टाका. विंडोज स्वतःहून जो साधा ड्रायव्हर टाकतं, त्यात जॅकची सगळी सेटिंग्ज असतीलच असं नाही. मग रिअलटेकच्या ऑडिओ अॅपमध्ये जाऊन फ्रंट पॅनलची जॅक ओळख बंद करायचा पर्याय दिसतो का बघा. तो निवडल्यावर चिप स्विचच्या निरोपाची वाट न बघता आवाज पाठवते. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन एचडी ऑडिओ चालू असल्याची खात्री करा. काही बोर्डांत फ्रंट पॅनलचा प्रकारही निवडावा लागतो. तो 'एचडी'वर ठेवा.

या 'एचडी'ची एक भानगड आहे. १९९७ साली इंटेलने पीसीच्या आवाजासाठी 'एसी ९७' हे स्टँडर्ड आणलं. २००४ मध्ये त्याची जागा एचडी ऑडिओने घेतली. जॅकची नेमकी ओळख पटवायची ही सोय एचडी ऑडिओतली आहे. पण जुन्या किंवा स्वस्त कॅबिनेटच्या एकाच वायरीला अजूनही दोन डोकी सापडतात, एकावर 'एचडी ऑडिओ' लिहिलेलं आणि दुसऱ्यावर 'एसी ९७'. घाईत दुसरं लावलं तर ओळख पटत नाही. नव्या बोर्डला 'एचडी ऑडिओ'च लावायचं आणि दुसरं डोकं मोकळं सोडायचं.

आता कॅबिनेट उघडा

आधी पीसी शटडाउन करा, पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करा, केबल काढा आणि पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्टॅटिक वीज निघून जाईल.

ऑडिओ हेडर बहुतेक बोर्डांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं. प्रत्येक कंपनी नाव मात्र वेगळं छापते. असुसच्या बोर्डवर 'एएएफपी', गिगाबाइटवर 'एफ ऑडिओ', एमएसआयवर 'जे-ऑड १', तर अॅसरॉकवर 'एचडी ऑडिओ १'. शंका असेल तर बोर्डचं मॅन्युअल उघडा. होय, तेच जे बॉक्समधून बाहेरच काढलं नव्हतं!

इथे तीन गोष्टी बघायच्या. पहिली, वायर लावली आहे का? ग्राफिक्स कार्ड आणि पॉवरच्या गर्दीत ही बारीक वायर मागे राहून जाते. दुसरी, ती पूर्ण आत बसली आहे का? तिसरी, ती चुकून यूएसबीच्या हेडरवर तर नाही ना? दोन्ही हेडरना नऊच पिना असतात. फरक गाळलेल्या पिनेच्या जागेत आहे. यूएसबीत अगदी कोपऱ्यातली पिन नसते, ऑडिओत कोपऱ्याच्या अलीकडची. प्लगवरही त्याच जागेचं भोक बुजवलेलं असतं. म्हणून जोर लावावा लागत असेल तर थांबा, काहीतरी चुकतंय. जोर लावलात तर पिन वाकेल आणि फुकटात सुटणारा प्रश्न खर्चिक होईल.

हॉस्टेलवर कुणाकडे मल्टिमीटर असेल तर वायरसुद्धा तपासता येते. प्लग हेडरवरून काढा. पुढच्या जॅकमध्ये साधी ऑक्स केबल घाला आणि मीटर बझरवर ठेवा. प्लगमधलं बुजवलेलं भोक आठवं. त्याच ओळीत त्याच्या बाजूचं, टोकाचं भोक दहावं आणि दहाव्याच्या समोरचं नववं. नववं भोक आणि ऑक्स केबलच्या मोकळ्या प्लगचं अगदी टोक यांना प्रोब लावल्यावर बझर वाजला, तर डाव्या कानाची वायर ठीक. पाचवं भोक आणि टोकानंतरची रिंग ही उजव्या कानाची जोडी. बुजवलेल्या भोकाच्या ओळीतलं दुसऱ्या टोकाचं भोक म्हणजे दुसरं. ते ग्राउंडचं, त्याची जोडी प्लगच्या शेवटच्या भागाशी. जी जोडी वाजणार नाही, तिथे वायर तुटलीय किंवा जॅक गेलाय. मात्र आधी ऑक्स केबल स्वतः धड आहे ना, ते तपासून घ्या.

खराब आवाजही पत्ता सांगतो

जॅक पूर्ण मुका नसून नुसता बिघडलेला असेल तर नीट कान द्या.

एकाच कानात आवाज येतोय? जॅकमध्ये धूळ किंवा कापसाचे धागे साचलेत, प्लग पूर्ण आत गेलेला नाही किंवा एका बाजूची वायर तुटलीय. पीसी बंद असताना लाकडी टूथपिकने अलगद साफ करा. सुई, टाचणी नको.

गाण्यातलं संगीत ऐकू येतंय, पण गायकच गायब? हा ग्राउंड सुटल्याचा खास पुरावा. ग्राउंड तुटला की दोन्ही कानांना डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो. फुकटचं कॅराओके!

सतत खरखर, माउस हलवला की चिरचिर? ऑडिओची वायर ग्राफिक्स कार्डला किंवा पॉवरच्या केबलला चिकटून गेलीय का बघा आणि तिला थोडी लांब घ्या. मागच्या जॅकला खरखर नसेल तर दोष वाटेतच आहे.

तरीही मुका?

एवढं करूनही पुढचा जॅक बोलत नसेल तर हेडरच्या पिना किंवा कॅबिनेटचा जॅक बिघडलाय. दोन्हींसाठी चालू बोर्ड फेकायची गरज नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची छोटी ऑडिओ पट्टी काही मॉडेल्समध्ये बदलून मिळते. ती नाही मिळाली तर मागच्या जॅकपासून एक्स्टेन्शन केबल टेबलावर आणा. नाहीतर यूएसबी साउंड अॅडॉप्टर घ्या, त्याला बोर्डवरची ऑडिओ चिप लागतच नाही. उद्याच्या इंटरव्ह्यूसाठी तर आज रात्री मागचा जॅक वापरा आणि झोपा.

दुकानात किंवा वॉरंटीसाठी जाणार असाल तर चार ओळी लिहून न्या: 'हेडफोन फोनवर चालतो. मागचा जॅक चालतो. ड्रायव्हर नवीन टाकला. हेडर पक्का आहे, नवव्या पिनेची वायर तुटलीय.' काउंटरवरच्या दादांना हे वाचून दाखवलंत की बोलणं बोर्ड बदलण्यावर नाही, वायर बदलण्यावर सुरू होतं.