वादातला तिसरा
आवारातलं जग : भाग 6

पुण्यातल्या सनातन्यांनी गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा काढली, तेव्हा आगरकर चांगले हिंडते-फिरते होते. रस्त्यावरच्या टवाळीचं सोडा, शिकलेल्यांच्या घरातही फारसं बरं चाललेलं नव्हतं. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढणाऱ्यांत टिळक आणि आगरकर दोघेही होते. पुढच्याच वर्षी तिचं फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले, 1892 मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. मधल्या वर्षांत समाजसुधारणेपासून पगारापर्यंत सगळ्यावर खडाजंगी झाली. बुद्धी दोघांकडेही मुबलक होती, वर्तमानपत्रंही होती. वाद आवरायला दोघांपैकी कुणाचाच नसलेला एखादा माणूस तेवढा नव्हता.

असा तिसरा माणूस मुद्दाम उभा केला तर काय होतं, हे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पाहायला मिळतं. तिथली विद्यार्थी संघाची निवडणूक प्रशासन घेत नाही. विद्यार्थ्यांचीच निवडणूक समिती घेते. मतदानाआधी एका रात्री अध्यक्षपदाचे सगळे उमेदवार एका मंचावर येतात. झेलम वसतिगृहासमोरची हिरवळ वर्षानुवर्षं या रात्रीसाठी ओळखली गेली. आधी भाषणं, मग उमेदवारांनी एकमेकांना विचारायचे प्रश्न, शेवटी श्रोत्यांचे. डफ वाजत असतात, घोषणांनी वक्त्याचा आवाज बुडतो, आणि समितीतलं एखादं पोर ध्वनिक्षेपकावरून गर्दीला गप्प करतं. त्या पोराच्या हाती ना लाठी, ना पद. त्याचं ऐकलं नाही तर आपल्या उमेदवाराचा वेळ वाया जाईल, एवढं मात्र गर्दीला कळतं.

या एका रात्रीची तयारी वर्षभर मेसमध्ये चालते. जेवणं उरकली की तिथंच बाहेरचा वक्ता बोलतो आणि व्याख्यानाइतकेच प्रश्न रंगतात. हे सगळं गोड आहे असं कुणी समजू नये. विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी पाळल्या जात नाहीत म्हणून 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं इथली निवडणूक थांबवली, ती 2012 मध्ये पुन्हा सुरू झाली. 5 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तर तोंड बांधलेला जमाव लाठ्या घेऊन वसतिगृहांत शिरला.

महाराष्ट्रात हा सरावच तुटला. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं प्रतिनिधी गुणांवर ठरवायची पद्धत आणली. 2016 च्या कायद्यानं खुल्या निवडणुकीची तरतूद परत आणली, पण पोरांना वक्तृत्व स्पर्धेच्या चषकापलीकडे वाद घालायला फारशी जागा मिळालेली नाही. स्पर्धेतल्या वादात बाजू चिठ्ठीनं मिळते. आपलंच मत मांडून समोरच्याचं ऐकून घेणं हा निराळा व्यायाम आहे.

वाद हाताबाहेर गेला, कुणी दुखावलं, तर दार कुठलं ठोठावायचं? तिथंही तिसरा माणूस लागतो आणि नियमांनी त्याला जागा दिली आहे. लैंगिक छळाची तक्रार ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत बाहेरचा एक सदस्य हवाच. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2015 च्या नियमांप्रमाणे, तीन निवडून आलेले विद्यार्थीही. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची. निकाल अडवला, फी परत दिली नाही, अशा गाऱ्हाण्यांसाठी यूजीसीच्या 2023 च्या नियमांत तक्रार निवारण समिती आहे. तिनं 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर लोकपालाकडे जायचं. हा लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. हिमाचलातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर 2009 साली रॅगिंगविरोधी नियम कडक झाले.

आणि ज्याला तक्रार करायचीच नाही, नुसतं बोलायचं आहे, त्याचं काय? मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा 2012 पासून फोनवर आणि ई-मेलवर प्रशिक्षित समुपदेशक देते. केंद्र सरकारची 'टेली मानस' 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 वर मराठीतूनही बोलता येतं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात, सगळ्यांच्या नजरेला पडतील अशा मोठ्या अक्षरांत लावायचे, हेही त्याच आदेशात आहे. एरवी असे फलक कार्यालयाच्या दारामागे सापडतात, परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या तारखेखाली झाकलेले.