बसून जेवायचं की ट्रे उचलायचा?

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल पण सगळ्यांना समजेल असं" लिहून मागितलं, आणि मी विषय निवडला जेवण! हसू नका. यात क्यूइंग थिअरी आहे, ऑप्टिमायझेशन आहे, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स आहे, आणि आमची आजीपण आहे.

झालंय असं, की दादा अमेरिकेत नोकरीला लागला आणि त्याने आम्हा सगळ्यांना जूनमध्ये बोलावलंय. त्यात चार दिवस फ्लोरिडातल्या ऑरलँडोला, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. आई, बाबा, आजी, दादा आणि मी, असे पाच जण. बाबांनी या ट्रिपसाठी एक एफडी मोडली आहे. आजी त्र्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात, डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे. म्हणजे ही ट्रिप पुन्हा होणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत कोणी नाही. प्लॅनिंगचं खातं माझ्याकडे आलंय (घरातली "इंजिनिअर" ना!) आणि आठवडाभर एक्सेल शीट घेऊन बसल्यावर लक्षात आलं, की राइड्सपेक्षा अवघड प्रश्न जेवणाचा आहे.

आधी जागा समजून घ्या. खोपोलीच्या इमॅजिकासारखं एका दिवसात आटोपणारं हे प्रकरण नाही. १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालेल्या या आवाराचा पसारा शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. आत चार वेगळे पार्क आहेत. पहिलं मॅजिक किंगडम, मग १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आत्ताचं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. एक पार्क म्हणजे एक पूर्ण दिवस. दिवसाला दोन जेवणं, म्हणजे चार दिवसांत आठ, गुणिले पाच माणसं. चाळीस ताटं!

ही ताटं दोन प्रकारची. पहिला प्रकार "क्विक सर्व्हिस". आपल्या उडप्याकडे कूपन फाडून काउंटरवरून ट्रे उचलतो ना, तसंच. दुसरा प्रकार "टेबल सर्व्हिस", म्हणजे वेटर येणार, मेन्यू कार्ड देणार, तुम्ही ऐटीत बसणार. क्विक सर्व्हिसमध्ये मुख्य डिश साधारण १२ ते १७ डॉलरची, टेबल सर्व्हिसमध्ये २५ ते ४० ची. मिकी, डोनाल्ड वगैरे मंडळी टेबलापाशी येऊन भेटतात तिथले बुफे आणखी महाग.

आता हिशोब करू. आम्ही पाच जण. टेबलावर सरासरी ३५ डॉलर धरले तर १७५. त्यावर साडेसहा टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ११ डॉलर ३८ सेंट. आणि टिप! आपण बडीशेपेच्या बशीत वीस रुपये ठेवून उठतो, तसं तिथे चालत नाही. १८ टक्के ही रीतच आहे, म्हणजे आणखी साडेएकतीस डॉलर. (सहा किंवा जास्त माणसं असली तर ती बिलातच लावून देतात. आत्याचं कुटुंब बरोबर येणार असेल तर लक्षात ठेवा.) एकूण झाले जवळजवळ २१८ डॉलर. काउंटरवर सरासरी १६ धरले तर ८०, टॅक्स धरून ८५. तिथे टिप नाही आणि साधं बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, कोक घ्यायची सक्ती नाही. फरक १३३ डॉलरचा, म्हणजे माणशी साडेसव्वीस. रुपयांत गुणाकार करू नका, जेवण जात नाही मग. बाबा करतात.

इथवर कोणीही सांगेल की ट्रे उचला. पण खरा खर्च पैशांचा नाही, वेळेचा आहे. बसून जेवायला सव्वा ते दीड तास सहज जातो, काउंटरवर अर्धा तास. म्हणजे तासाभराचा फरक. पार्कचं तिकीट दिवस बघून बदलतं, समजा १५० डॉलर धरलं आणि बारा तास फिरलो, तर एक तास पडला साडेबारा डॉलरला. तो मिळवला की बसून जेवणं माणशी ३९ डॉलरने महाग! ट्रे पार्टी जिंकली असं वाटतं ना?

थांबा. इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते अख्खा लेख याच्यासाठीच आहे. पार्कमधला प्रत्येक तास सारख्या किमतीचा नसतो. सकाळी गेट उघडल्यावर पहिल्या तासात रांगा छोट्या असतात, तेव्हा दोन-तीन राइड्स होऊन जातात. दुपारी दोन वाजता तोच तास एका राइडच्या रांगेत उन्हात उभं राहण्यात संपतो. म्हणजे सरासरी साडेबारा डॉलर हा आकडाच फसवा आहे. सकाळचा तास सोन्याचा आणि दुपारचा पितळेचा. त्यात फ्लोरिडाचा जून म्हणजे दमट ऊन, आणि दुपार उलटली की विजांसह पाऊस, बहुतेक रोजचाच. विजा चमकायला लागल्या की बाहेरच्या राइड्स बंदच ठेवतात. अशा वेळी एसीमध्ये खुर्चीवर बसून जेवण्यात आपण गमावतो काय? जवळजवळ काहीच नाही! तेव्हा प्रश्न "बसून की उभ्याने" असा नाहीच. प्रश्न आहे, किती वाजता?

म्हणून माझा नियम असा: बसून जेवायचं असेल तर दुपारी दोन-अडीचला. सकाळचा ब्रेकफास्ट टेबलावर कधीच नाही, तिथे सोन्याचा तास जातो. रात्रीचंही नको, कारण तेव्हा ऊन उतरलेलं असतं, रांगा कमी होतात आणि आतषबाजीसाठी जागा पकडायची असते.

आता थोडी थिअरी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक सोपा नियम सिद्ध करून दाखवला. आत असलेली माणसं = येण्याचा वेग × प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. (थर्ड इयरवाल्यांनो, ऑपरेशन्स रिसर्चमध्ये आहे, ऑप्शनला टाकू नका.) समजा एका रेस्टॉरंटमध्ये २०० खुर्च्या आहेत. माणूस सव्वा तास बसला तर तासाला १६० जण जेवतील. त्याच २०० खुर्च्यांवर माणूस २५ मिनिटंच टेकला तर तासाला ४८०. तिप्पट! टेबल सर्व्हिस महाग का आणि त्याचं बुकिंग ६० दिवस आधी का उघडतं, याचं उत्तर या एका ओळीत आहे. खुर्ची तीच, पण गिऱ्हाइकं एक तृतीयांश.

मग काउंटरवर तरी रांग का लागते? कारण सगळ्या जगाला साडेबारालाच भूक लागते. येण्याचा वेग एकदम वाढतो, स्वयंपाकघराचा वेग तोच राहतो. आपल्या कँटीनमध्ये लंच ब्रेकला वडापावसाठी जे होतं तेच. डिस्नेने २०१७ पासून यावर मोबाइल ऑर्डर आणली. ॲपवर डिश निवडायची, येण्याची वेळ निवडायची, पैसे भरायचे, तिथे पोचलो की "आलोय" असं दाबायचं, नंबर लागला की ट्रे हातात. यामुळे रांग नाहीशी होत नाही. ती वेळेच्या खणांमध्ये वाटली जाते. म्हणून साडेबाराची ऑर्डर साडेबाराला देऊ नका. सकाळी पहिल्या राइडच्या रांगेत उभे असतानाच सव्वाअकराची वेळ अडवून ठेवा.

आता आजी. मला आधी वाटत होतं की म्हातारं माणूस बरोबर आहे म्हणजे बसूनच जेवायचं, विषय संपला. आईला अजूनही तसंच वाटतं. पण आजीला जेवणाआधी इन्सुलिन असतं आणि ते घेतल्यावर ताट लांबलेलं चालत नाही. टेबल बुक केलं दोनचं, तरी बसायला मिळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, मग ऑर्डर, मग स्वयंपाक. घास तोंडात जाईपर्यंत पाऊण तास होऊ शकतो. काउंटरवर उलट आहे. ताट समोर आल्यावर मग सुई. म्हणजे गुडघे म्हणतात टेबल, साखर म्हणते ट्रे! यावर तोडगा निघाला तो बुफेचा. तिथे बसायला टेबल आणि जेवण आधीच तयार. आजीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन नाही, पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं ठेवा आणि बाकी मजा करा.

शाकाहाराचं काय? आजी आणि आई पूर्ण शाकाहारी. २०१९ पासून तिथल्या मेन्यूवर वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाचं चिन्ह असतं. त्या पदार्थात मांसच काय, दूध-अंडंही नसतं. काउंटरवर हे चिन्ह बघून निवडता येतं, पण "सूपमध्ये चिकनचं पाणी आहे का?" हे धड विचारता येतं ते टेबलावर, वेटर समोर असल्यावर. आईसाठी हा मुद्दा साडेसव्वीस डॉलरपेक्षा मोठा आहे.

आणि काही टेबलं नुसती जेवायची नसतात हो. एपकॉटमध्ये गार्डन ग्रिल नावाचं रेस्टॉरंट आहे, ते अख्खं हळूहळू गोल फिरतं. खाली बोटीच्या राइडमधले देखावे सरकताना दिसतात, आणि चिप-डेल टेबलापाशी भेटायला येतात. जेवण ठरलेलं, पोटभर वाढतात. (फिरत्या मजल्याची ड्राइव्ह कशी असेल यावर मी आणि दादाने फोनवर अर्धा तास घातला.) त्याच पार्कमध्ये अकरा देशांचे विभाग आहेत, त्यात भारत नाही. मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या आत सॅन अँजेल इन आहे, तिथे भर दुपारी रात्र असते आणि शेजारून बोटी जातात. आपल्या लोकांसाठी मात्र माझी पहिली शिफारस साना. हे पार्कमध्ये नाही, ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलात आहे. आफ्रिकन जेवण, पण भारतीय वळणाचं. नान आणि त्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची! खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "नऊ चटण्या खायला एवढ्या लांब जायचं होय?" पण डोळे चमकले.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये साय-फाय डाइन-इन आहे. जुन्या मोटारगाड्यांच्या आकाराच्या टेबलांवर बसून समोरच्या पडद्यावर जुन्या सिनेमांचे तुकडे बघत जेवायचं. मला फार जायचं होतं. बाबांचा व्हेटो: "गाडीत बसून जेवायला फ्लोरिडा कशाला? एक्सप्रेसवेवर जेवतोच की!" शिवाय सगळ्यांची तोंडं पडद्याकडे, म्हणजे आजीशी बोलणार कोण? हा मुद्दा मला पटला.

काउंटरवाल्यांतही चांगल्या जागा आहेत. मॅजिक किंगडममध्ये कोलंबिया हार्बर हाउसचा वरचा मजला त्या मानाने शांत असतो. कॉस्मिक रेजमध्ये एक यांत्रिक परग्रहवासी ऑर्गन वाजवत गाणी म्हणतो, म्हणजे फुकटात ऑर्केस्ट्रा. ॲनिमल किंगडमच्या सातुली कँटीनमध्ये भात, भाजी, टोफू असा वाडगा मिळतो. टोफूला आजी पनीर समजणार आहे आणि कोणी काही बोलायचं नाही असं ठरलंय.

डायनिंग प्लॅनबद्दल विचाराल, तर तो डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात पॅकेज घेऊन राहणाऱ्यांसाठीच असतो. २०२० मध्ये बंद पडला, तो ९ जानेवारी २०२४ पासून परत आला. तेव्हाचे दर बघा: दिवसाला दोन ट्रेवाली जेवणं असलेला प्लॅन ५७.०१ डॉलर, आणि त्यातलं एक टेबलावर घ्यायचं तर ९४.२८. फरक ३७.२७, आणि टिप वेगळी. म्हणजे एका खुर्चीची किंमत कंपनीनेच छापून दिली आहे! खोलीतल्या सगळ्यांनी एकच प्लॅन घ्यावा लागतो, आणि दहा वर्षांपासून पुढे पूर्ण पैसे. प्लॅनमध्ये जेवणाबरोबर दारू चालते, पण एकवीसच्या पुढे. म्हणजे मी वीसची, पैसे मोठ्यांचे आणि ग्लास लहानांचा. आम्ही तर बाहेर भाड्याच्या घरात राहणार, त्यामुळे प्रश्नच मिटला. शाकाहारी माणसाला तसाही तो परवडत नाही असं माझं मत आहे, कारण स्वस्त डिश खाऊन पैसे महागड्या स्टेकचे भरायचे.

आणि हो, डिस्ने वर्ल्डमध्ये बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेची बरणी नको आणि गरम करावं लागेल असं नको, एवढंच. म्हणून सकाळी दादाच्या हातचे (!) ठेपले आणि चिवडा पिशवीत असणार. आजीच्या साखरेसाठी तर तो हवाच.

तर आमचं शीट आता असं आहे. चार दिवसांत टेबल फक्त दोनदा, एपकॉटला गार्डन ग्रिल आणि ॲनिमल किंगडमच्या दिवशी साना, दोन्ही दुपारी दोनच्या पुढे. सानाला आधी नान-चटण्याच मागवायच्या, त्या ताटात आल्या की आजीचं इन्सुलिन. बाकी सगळं ट्रे आणि ठेपले. बुकिंग ६० दिवस आधी, तिथल्या पहाटे सहाच्या सुमाराला, म्हणजे एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी साडेतीनला. त्या वेळी माझं मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल असतं, त्यामुळे ते काम दादाकडे. बुक करून गेलो नाही तर माणशी दहा डॉलर कापतात, म्हणून रद्द करायची जबाबदारी बाबांची. ते विसरणार नाहीत.