देखभालीचा खर्च गेला कुठे?

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली आणि ‘शिवाई’ ही विजेवरची पहिली एसटीही १ जून २०२२ रोजी त्याच रस्त्यावर आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे २०२५ मध्ये, ५१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार रद्द करण्याचे आदेश परिवहनमंत्र्यांना द्यावे लागले. गाड्या वेळेत येईचनात. आधीच्या काळाबद्दल फार सांगायला नको. मुंबईत १९०७ ते १९६४ विजेची ट्राम चालली, १९६२ ते १९७१ ट्रॉलीबस. एसटी दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत स्वतःच्या गाड्या बांधत असे. घडी विस्कटली ती गेल्या दशकात.

विजेच्या बसची देखभाल स्वस्त, हे या दशकाचे पालुपद. ते खोटे नाही. इंजिन ऑइल, इंजेक्टर, क्लच गेले. वेग कमी करायला मोटरच हातभार लावते, म्हणून ब्रेक लायनर जास्त टिकतात. पण बॅटरीच्या वजनाने टायर लवकर झिजतात, एसीची कामे निघतातच, आणि बॅटरी बदलायची वेळ आली की वर्षानुवर्षांची बचत एका फटक्यात जाते. हा खर्च दिसत नाही, कारण तो ठेकेदाराला द्यायच्या प्रति किलोमीटर दरात मुरलेला असतो. मुंबईच्या बेस्टने २०१९ मध्ये वेट लीजची, म्हणजे चालक आणि देखभालीसह गाड्या भाड्याने घेण्याची, वाट धरली, किमान भाडे ५ रुपयांवर आणले आणि टाळ्या घेतल्या. मे २०२५ मध्ये तेच भाडे १० रुपये झाले.

जोखीम ठेकेदाराच्या गळ्यात घातली तर बिघडले काय, असे विचारले जाते. २०२२ मध्ये एका ठेकेदाराने बेस्टमधून अंग काढून घेतले, ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी काम बंद केले. दोन्ही वेळा थांब्यावर ताटकळले प्रवासी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: एसटीच्या आगारांतही गाड्या सुट्या भागांवाचून पडून असत. असत, कबूल. तरी अकलोलीच्या गरम कुंडांकडे निघालेली डिझेल गाडी वाटेत बसली, तर भिवंडी आगारातला मेकॅनिक तिला हात लावू शकतो. भाड्याच्या विजेच्या गाडीत ते काम कंपनीच्या माणसाचे. रोजगार जाईल म्हणून चालकविरहित गाड्या येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी सांगतात. कार्यशाळेतला रोजगार मात्र चालक जागेवर असतानाच आटतो आहे. करार संपताना बॅटरीत किती क्षमता उरलेली हवी, सुटे भाग कोणी साठवायचे, आगारातल्या कामगाराला काय शिकवायचे, ही कलमे निविदेतच हवीत आणि किलोमीटरच्या दरातला देखभालीचा वाटा वेगळा छापून लोकांपुढे यायला हवा.