पट्टा आणि बाबागाडी : वाट दोघांचीही

सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान आमच्या चिरनेरच्या रस्त्याने आपण कधी चालत गेलात, तर एक गोष्ट सहज ध्यानात येईल. कुत्र्याचा पट्टा धरलेले हात सुरकुतलेले असतात आणि बाबागाडी ढकलणारे हातही सुरकुतलेलेच. मुलगा-सून नोकरीसाठी उरण, पनवेल वा मुंबईकडे निघून गेलेले असतात. मागे उरतात आजी-आजोबा, नातवंड आणि मुलाने हौसेने आणलेला कुत्रा. म्हणूनच ‘कुत्रेवाले’ आणि ‘बाळवाले’ असा जो वाद हल्ली ऐकू येतो, तो पुष्कळदा दोन ज्येष्ठांमधलाच असतो.

अशीच एक जोडी माझ्या दवाखान्यात एकाच सकाळी आली. दोघेही सत्तरी ओलांडलेले आणि एकमेकांचे शेजारी. रस्त्याच्या अरुंद वळणावर आजोबांचा कुत्रा बाबागाडीकडे झेपावला. त्याच्या मनात खेळच असावा. आजींनी घाबरून गाडी गटाराच्या बाजूला ओढली. आजोबांनी पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता; त्या हिसक्यासरशी ते हातावर पडले आणि मनगटाचे हाड मोडले. बाळाच्या पोटरीवर नखाचा बारीक ओरखडा होता, रक्त आलेले नव्हते. आजींनी त्यावर हळद लावली होती. मी कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड मागितले, तेव्हा आजोबांनी मान खाली घातली. लसीची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

ओरखडा लहान, धोका मोठा

वाचकहो, रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र वेळीच उपचार केल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. म्हणून चावा असो वा ओरखडा, प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये आणि घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. त्वचेत द्यायची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ‘कुत्रा घरचाच आहे’ या समजुतीवर थांबून राहू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. पण त्यासाठी उपचार लांबवू नयेत.

बाबागाडीतल्या बाळाचे तोंड नेमके कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, म्हणून लहान मुलांना चेहऱ्यावर व मानेवर चावे अधिक होतात. हे चावे सर्वांत घातक, कारण तेथून मेंदू जवळ असतो. ज्येष्ठांचा धोका वेगळा आहे. हाडे ठिसूळ झालेली असतात. साध्या पडण्यानेही मनगट वा खुब्याचे हाड मोडते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव लवकर थांबत नाही, आणि मधुमेह असेल तर जखम चिघळते.

हाती पट्टा असेल तर

पट्टा सुमारे दीड मीटरचा, न ताणणारा असावा. तो मनगटाला गुंडाळू नये, मुठीत धरावा. समोरून बाबागाडी, काठी टेकणारी व्यक्ती वा चाकाची खुर्ची येताना दिसली की पट्टा आखूड करावा, कुत्र्याला आपल्या दुसऱ्या बाजूस घ्यावे आणि थांबावे. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य समोरच्याची भीती घालवत नाही. आपले थांबणे मात्र घालवते. कुत्रा आपल्या ताकदीला आवरेनासा असेल, तर मुलाला तसे स्पष्ट सांगावे. यात कमीपणा नाही. विष्ठा उचलण्यासाठी कागद वा पिशवी जवळ ठेवावी, कारण तिच्यातील जंतांची अंडी मातीतून बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचतात. लस दरवर्षी द्यावी. पाळीव प्राण्याबाबतचा धोकादायक निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

हाती बाबागाडी असेल तर

बाळाला पट्ट्याने नीट बसवावे. कुत्रा दिसताच किंचाळू नये, पळू नये, गाडी एकदम ओढू नये. गाडी थांबवून तिच्या व कुत्र्याच्या मध्ये आपण उभे राहावे. बाळाच्या हातात बिस्कीट देऊन फिरवू नये. कुत्र्याला तेच आमंत्रण ठरते. विचारल्याशिवाय कुणाच्या कुत्र्याला हात लावू नये, आणि ‘भूभूला हात लाव’ असे बाळाला शिकवू नये.

पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आमच्या गावच्या रस्त्याला पदपथच नाही. साईडपट्टीवर बाबागाडी आणि कुत्रा शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून कुणीतरी थांबणे भागच असते. माझा साधा नियम असा : ज्याला थांबणे सोपे, त्याने थांबावे. बाबागाडी गटाराकडे वळवण्यापेक्षा पट्टा आखूड करणे सोपे आहे.

१९३० साली २५ सप्टेंबरला याच चिरनेरच्या लोकांनी जंगल सत्याग्रहात एकदिलाने गोळीबार सोसला. त्यांच्या वारसांना चार पावलांची वाट एकमेकांना देणे जड जाऊ नये.

त्या दोन शेजाऱ्यांत काही दिवस अबोला होता. बाळाच्या शेवटच्या लसीच्या दिवशी आजोबा प्लास्टरचा हात गळ्यात बांधून, कुत्र्याचे नवे लसीकरणाचे कार्ड घेऊन आले. ते त्यांनी मला नव्हे, आजींना दाखवले. आजींनी चष्मा लावून तारीख वाचली आणि बाळाला त्यांच्याकडे बघून हसायला सांगितले. आता कुत्र्याला सकाळी नातू फिरवतो आणि आजोबा रिकाम्या हाताने बाबागाडीच्या सोबतीने चालतात.