रोजचं पाकीट

१९७०च्या सुमारास परदेशी निघालेल्या साध्या भारतीय प्रवाशाच्या हाती सरकार ८ डॉलर ठेवायचं. पुढे दोन-तीन वर्षांतून एकदा ५०० डॉलरची सोय झाली. त्याआधी, १९५८ साली, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई विलायतेला गेले आणि त्या प्रवासावरचं ‘अपूर्वाई’ घराघरात वाचलं गेलं, कारण बहुतेकांना तो प्रवास पुस्तकातूनच घडणार होता. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. आज ती अडीच लाख डॉलर आहे. किती खर्चायचं हे ठरवणं असं सरकारकडून आपल्याकडे आलं.

मुळशीतल्या आमच्या चांदे गावात भाताची सुगी आटोपली की हात मोकळे होतात. त्या दिवसांत आम्ही दोघं नवरा-बायको बाहेर पडू लागलो आणि पहिल्यापासून एक आकडा धरला: दोघांत मिळून दिवसाला ३ हजार रुपये. विमान आणि व्हिसा वेगळा.

सुरुवात नेपाळपासून केली, २०१९ च्या आरंभी. व्हिसा नाही, शिवाय १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी हा दर १९९३ पासून ठरलेला, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. फक्त शंभरावरच्या भारतीय नोटा नेपाळने नुकत्याच बंद केल्या होत्या. म्हणून शंभराच्या गड्ड्या नेल्या आणि घरीच पाकिटं भरली. एका दिवसाला एक पाकीट, वर तारीख. उरलं तर उद्याच्या पाकिटात, कमी पडलं तर उद्याच्यातून उसनं. पाकिटं माझ्याकडे, वाट ठरवणं यांच्याकडे. हे दोन मैल चालून टॅक्सी वाचवणार, मी स्वच्छ संडास असलेल्या खोलीला दोनशे जास्त मोजणार. खोलीचं भाडं एकट्याला असो वा दोघांना, बहुतेक तेच असतं. जोडीने जाण्यातली खरी बचत ती. जेवणात दालभात: भात, डाळ, भाजी मागाल तेवढी वाढतात. भात पिकवणाऱ्या घरातल्या माणसाला आणखी काय हवं!

मग करोनाची दोन वर्षं कोरडी गेली.

श्रीलंकेत आम्ही २०२३ साली गेलो. आदल्या वर्षी तो देश दिवाळखोरीत गेला होता. पूर्वी आपल्या एका रुपयाला तिकडचे पावणेतीनच्या आसपास मिळत, ते साडेचारच्या घरात गेले होते. आमचं पाकीट अचानक जड झालं. कँडीहून एल्लाला जाणारी गाडी चहाच्या मळ्यांतून तासन्‌तास वळत जाते आणि तिचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट आपल्या वडापावच्या हिशेबातलं. पण ही स्वस्ताई तिथल्या बाईच्या रिकाम्या गॅस सिलिंडरातून आली होती, हे विसरता येत नव्हतं. त्या प्रवासात आम्ही घासाघीस पूर्ण सोडली. काटकसर करायची ती आपल्या खर्चात, समोरच्याच्या मजुरीत नाही, हा नियम तिथे ठरला आणि अजून पाळतो.

व्हिएतनामची मला सगळ्यात धास्ती होती, कारण आम्ही दोघंही माळकरी. तिथे भाजीतही माशाचा रस, न्योक माम, घालतात. पण बौद्ध घरांतले बरेच लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार करतात. त्या दिवशी रस्त्याकडेला ‘चाय’ अशा पाट्या दिसतात, म्हणजे शाकाहारी खाणावळ. होई आनला पौर्णिमा साधून पोहोचलो. एका आजीने केळफुलाची कोशिंबीर, टोफू आणि भात वाढला. माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून तिने स्वतःच्या मनगटातली जपमाळ दाखवली आणि ताटात आणखी एक टोफूचा तुकडा टाकला. दोघांचे मिळून अडीचशे रुपयेसुद्धा झाले नाहीत.

तीन हजारांचा आकडा आता चार हजारांवर न्यावा लागला आहे. महागाई आहे आणि यांचे गुडघे आता दोन मैल ऐकत नाहीत. टॅक्सीवरून वाद उरला नाही, तो खोलीवरून होतो.

युरोपचा विषय मात्र दर दिवाळीला निघतो आणि तिथेच राहतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी २५ डॉलरला मिळाला. शेंगेन व्हिसाचं शुल्क २०२४च्या जूनपासून ८० वरून ९० युरो झालं. दोघांचे १८० युरो म्हणजे आमची चार-पाच पाकिटं, आणि व्हिसा नाकारला तर त्यातलं काही परत मिळत नाही.