सुपारी घेणारा ‘कसलेला’ मारेकरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : सुपारी घेणारा थंड डोक्याचा, कसलेला नेमबाज असतो आणि कधीच सापडत नाही.

वस्तुस्थिती : पडद्यावरची ही प्रतिमा इतकी घट्ट बसली आहे की, खुनाची बातमी वाचून शहाणीसुरती माणसेही ‘काम प्रोफेशनल दिसतंय’ असे कौतुकाने म्हणतात. हे कौतुक आता थांबायला हवे.

बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या १९७४ ते २०१३ या काळातल्या २७ सुपारी-खुनांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खून बहुधा साध्या वस्तीत, फुटपाथवर, लोकांदेखत झालेले. कारणे धंद्यातली किंवा घरगुती भांडणे. सरासरी मोबदला १५,१८० पौंड, सर्वांत कमी २०० पौंड. ते २०० पौंड घेणारा मारेकरी १५ वर्षांचा होता. २०१० मध्ये लंडनच्या हॅकनी भागात त्याने एका तरुणीला दारातच गोळी घातली, मग मित्रांजवळ बढाई मारली आणि पकडला गेला. त्याला जन्मठेप झाली. यात कौतुक करण्यासारखे काय आहे?

‘खरे हुशार सापडतच नाहीत, मग अभ्यासात येणार कसे?’ ही शंका रास्त आहे. अभ्यासकांनीही अशा मोजक्या मुरलेल्यांचा वेगळा वर्ग मानला आहे. पण त्या मोजक्यांवरून सगळ्यांचे चित्र रंगवणे चूकच.

चीनमधल्या नाननिंगचे प्रकरण पाहा. एका व्यावसायिकाने प्रतिस्पर्ध्याला मारण्यासाठी २० लाख युआन देऊ केले. काम हातोहात पाचव्या माणसापर्यंत गेले, तेव्हा रक्कम एक लाखावर आली होती. त्याने सावजालाच भेटून मृत्यूचा बनाव रचला. २०१९ मध्ये सहाही जणांना शिक्षा झाली.

गैरसमज : डार्क वेबवर मारेकरी मिळतात.
वस्तुस्थिती : ‘बेसा माफिया’ या गाजलेल्या साइटने बिटकॉइन उकळले, खून एकही केला नाही.

गैरसमज : सुपारी देणारा नामानिराळा राहतो.
वस्तुस्थिती : भारतीय कायद्यात खुनाचा कट रचणाराही खुन्याइतक्याच शिक्षेस पात्र असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने सुपारी-खुनाला संघटित गुन्ह्यांत धरले आहे.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा मारेकऱ्याच्या सफाईची चर्चा करू नका. मेलेल्या माणसाबद्दल बोला.